भूगोलाचे तीन क्रेडिट

पन्नाशी उलटल्यावर कॉलेजात नाव घालायचं, तर माणूस निदान वजनदार विषय तरी निवडतो. तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, गेलाबाजार कॉम्प्युटर. मी भूगोल घेतला, तोही काही प्रेमानं नाही. डॅलसजवळच्या एका प्राथमिक शाळेत मी वर्गशिक्षिकेची मदतनीस आहे. पुढे स्वतः शिक्षिका व्हायचं, तर माझ्या अमरावती विद्यापीठाच्या बी.कॉम.ला इथल्या हिशेबात काही क्रेडिट कमी पडत होते. कम्युनिटी कॉलेजातल्या समुपदेशक बाईंनी यादीवरून बोट फिरवत 'वर्ल्ड रीजनल जिऑग्रफी'पाशी थांबून सांगितलं, "हा ऑनलाइन आहे, तुम्हाला नोकरी सांभाळून जमेल." जगाचा प्रादेशिक भूगोल. मी म्हटलं, राजधान्या, नद्या आणि पिकं. शाळेत घोकलंच होतं, उजळणी होईल. सेमिस्टरभरानंतर पदरात जे पडलं ते पुढे लिहिते आहे. आकडे सोयीसाठी आहेत, क्रमवारी मनात धरू नये.

१. प्रदेश आयता मिळत नाही, तो कुणीतरी आखलेला असतो.

पहिल्याच आठवड्यात जगाचा नकाशा उघडेल असं वाटलं होतं. उघडला तो प्रश्न: प्रदेश कशाला म्हणायचं? पुस्तकानं तीन जाती सांगितल्या. एखादा गुण सगळीकडे सारखा असतो तो फॉर्मल. एका केंद्राकडे सगळ्या वाटा धावतात तो फंक्शनल. आणि सरकारदरबारी नोंद नसली तरी लोकांच्या मनात पक्का असतो तो व्हर्नॅक्युलर. एकेकाचं उदाहरण द्यायचं होतं. वर्गातल्या पोरांनी मक्याचा पट्टा, डॅलसचा विमानतळ, 'साउथ' असं काहीबाही लिहिलं. मी तिन्ही उदाहरणं एकट्या अकोल्यातून काढली. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, जिथं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि कोणत्या गावापासून ते गोड लागतं हे मुलीसाठी स्थळ बघणाऱ्या बापाला तोंडपाठ असतं. अकोल्याचा कापूसबाजार, ज्याचा मुलूख गाड्या जिथून येतात तिथपर्यंत. आणि वऱ्हाड.

वऱ्हाड नेमकं कुठं संपतं हे विचारायला दादाला फोन लावला. "वर्धा नदी ओलांडली का संपलं," दादानं एका दमात निकाल दिला. वहिनीचं माहेर आर्वीकडचं, म्हणजे नदीच्या पलीकडचं. मागून आवाज आला, "अन् आमी काय मंग पुण्याचे हावो का?" दादानं लगेच विषय बदलला. माझ्या उत्तराला आमच्या प्राध्यापक बाईंनी पूर्ण गुण दिले, पण सीमेचा तंटा अजून मिटलेला नाही.

पाठ्यपुस्तकंही काही वेगळं करत नाहीत, हे पुढे कळलं. या विषयाचं गाजलेलं पुस्तक हार्म द ब्लाय यांचं, पहिली आवृत्ती १९७१ ची. त्यात जगाचे डझनभर मोठे प्रदेश पाडलेले असतात. पण दोन पुस्तकं शेजारी ठेवली की अफगाणिस्तान एकात दक्षिण आशियात, तर दुसऱ्यात नैर्ऋत्य आशियात. अख्खा देश लेखकाच्या मर्जीनं या धड्यातून त्या धड्यात जातो. शाळेत असताना नकाशावरची रेघ म्हणजे मला दगडावरची रेघ वाटायची. नंतर शोधताना समजलं की चं. धुं. देशपांडे यांनी १९४८ मध्येच पश्चिम भारताच्या प्रादेशिक भूगोलावर इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं होतं. त्यांची जयंती, १४ जानेवारी, महाराष्ट्रात भूगोल दिन म्हणून पाळतात. मी महाराष्ट्रात इतकी वर्षं काढली; १४ जानेवारीला आम्ही फक्त तीळगूळ खाल्ला.

२. ऑनलाइन वर्गात आपलं घर परीक्षेला बसतं.

अभ्यास रात्री, भांडी आवरल्यावर. व्हिडिओतल्या बाई हव्या तितक्या वेळा पुन्हा बोलतात, थकत नाहीत, ही सोय मोठी. बाकी सोबत अशी नाही. वर्गात एक सैन्यातला मुलगा होता, एक रात्रपाळीची नर्स, आणि अमरिलोकडच्या शेतकरी घरातली एक पोरगी, जिच्याविषयी पुढे येईल. कुणाचा चेहरा पाहिला नाही, तरी त्यांच्या लिहिण्यावरून कोण केव्हा झोपतं हे कळायचं.

खरी मजा परीक्षेला. लॅपटॉप उचलून खोली चारी बाजूंनी कॅमेऱ्याला दाखवायची: भिंती, टेबलाखालचा भाग, छत. आमच्या त्या खोलीत देव्हारा आहे आणि शेजारी नवऱ्याची व्यायामाची सायकल, जिच्यावर टॉवेल वाळत असतात. सगळं रेकॉर्ड झालं. स्क्रीनवरून नजर हलवली तर संशयिताची नोंद होते, म्हणून मी दक्षिण अमेरिकेचे देश आठवताना पापणीसुद्धा जपून लववत होते. पेपर चालू असताना कुकरची शिट्टी झाली आणि नवरा दाराबाहेरून ओरडला, "किती झाल्या?" मराठीतून पुकारलेला तो आकड्याचा प्रश्न यंत्राला कॉपी वाटला नाही, हे माझं नशीब.

३. कोरा नकाशा फसवाफसवी चालवून घेत नाही.

लहानपणी स्टेशनरीच्या दुकानात नकाशाचे कोरे आराखडे मिळायचे. रंगीत पेन्सिलीनं समुद्राला निळी कड द्यायची, ती सुबक आली की अर्धी लढाई जिंकली. इथं निळी कड काढून गुण मिळत नाहीत. आफ्रिकेचे चोपन्न देश, आणि प्रत्येकाचं स्पेलिंग. माझ्या शालेय नकाशात झैर होता, नायजेरियाची राजधानी लागोस होती आणि सोव्हिएत युनियन अख्ख्या पानावर पसरलेलं होतं. झैरचं १९९७ मध्ये काँगो झालं, नायजेरियाची राजधानी १९९१ पासून अबुजाला गेली, दक्षिण सुदान २०११ मध्ये जन्मला, स्वाझीलँडचं २०१८ मध्ये एस्वातिनी झालं. डोक्यातलं पुसून लिहायला नव्यानं लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, निदान माझ्या वयाला.

पाठांतरानं जमेना तेव्हा मी प्रत्येक वेड्यावाकड्या आकाराला 'असा का?' म्हणून विचारायला लागले. गांबिया बघा. एका नदीच्या दोन्ही काठांची चिंचोळी पट्टी, आणि तिच्याभोवती सेनेगल. नदी इंग्रजांकडे होती आणि आजूबाजूचा मुलूख फ्रेंचांकडे, म्हणून. बोलिव्हियाला समुद्र नाही, तरी नौदल आहे. चिलीबरोबरच्या १८७९ च्या युद्धात किनारा गेला, पण नौदल राखलंय. ते टिटिकाका सरोवरावर, समुद्रसपाटीपासून ३,८०० मीटरांहून उंच, सराव करतं. दरवर्षी २३ मार्चला ते लोक समुद्राचा दिवस पाळतात. हे एकदा वाचल्यावर बोलिव्हिया नकाशावर शोधावा लागत नाही.

४. 'सीमा आखल्या गेल्या' असं आमच्या बाईंना चालत नसे.

माझ्या निबंधात जिथं जिथं 'आखल्या गेल्या', 'विभागणी झाली' असं यायचं तिथं लाल अक्षरात एकच शब्द: कोणी? आधी मला तो व्याकरणाचा छळ वाटला. मग उत्तरं शोधावी लागली. १८८४-८५ मध्ये बर्लिनला चौदा देशांचे प्रतिनिधी आफ्रिकेच्या वाटपाचे नियम ठरवायला बसले, त्यांत आफ्रिकेचा एकही नव्हता. १९४७ मध्ये भारत-पाकिस्तानची रेघ काढणारे सिरिल रॅडक्लिफ त्याआधी कधी भारतात आलेले नव्हते. त्यांना जेमतेम पाच आठवडे मिळाले.

आणि कूचबिहारच्या चिटमहालांचं तर मी कधी ऐकलंही नव्हतं. बांगलादेशाच्या पोटात भारताचे १११ तुकडे, भारताच्या पोटात बांगलादेशाचे ५१. एका ठिकाणी तर बांगलादेशात भारत, त्यात बांगलादेश आणि पुन्हा त्यात भारत अशी भानगड होती. बाजाराला जायचं तरी परदेशात पाऊल. २०१५ मध्ये ऑगस्ट लागता लागता दोन्ही देशांनी हे तुकडे बदलून घेतले, तेव्हा मी टेक्सासात बसून रोज मराठी वर्तमानपत्र वाचत होते. बातमी आली असणारच. माझ्या नजरेला ती दिसलीच नाही.

५. मोठेपणा बराचसा कागदावरचा असतो.

मर्केटरनं १५६९ मध्ये नकाशा केला तो खलाशांना दिशा सरळ रेघेत मिळावी म्हणून. त्यापायी ध्रुवाकडचे प्रदेश फुगले. त्या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिकेत चौदा ग्रीनलँड मावतील, आणि आपला भारतही ग्रीनलँडच्या दीडपट आहे. टेक्सासच्या लोकांना आपल्या आकाराचा भारी अभिमान असतो, म्हणून मी ऑफिसात सहज सांगितलं की टेक्सास महाराष्ट्राच्या सव्वादोन पट असलं तरी माणसं आमच्याकडे तिप्पट-चौपट. "मग राहता कुठं?" असं एकीनं अगदी काळजीनं विचारलं.

६. माझ्या पायाखालची माती ओळखीची निघाली.

हा मुद्दा मी थोडा रेंगाळून सांगणार आहे, कारण सगळ्या कोर्सात माझी झोप उडवली ती यानं.

डॅलसला आलो तेव्हा घर घेताना एजंटानं बजावलं होतं, "उन्हाळ्यात फाउंडेशनला पाणी घालत जा." मला वाटलं थट्टा करतो आहे. झाडाला घालतात तसं घराला पाणी? पण गल्लीत प्रत्येक घराच्या भिंतीपासून हातभर अंतरावर काळा, बारीक भोकांचा पाइप जमिनीत पुरलेला असतो, आणि ऑगस्टात तो झिरपत ठेवावा लागतो. नाही ठेवला तर माती आक्रसते, घराखालची काँक्रीटची लादी वाकते, दारं चौकटीत अडकायला लागतात, भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाते. रस्तोरस्ती फाउंडेशन दुरुस्तीच्या पाट्या. मी वर्षानुवर्षं इमानेइतबारे पाणी घातलं, का घालायचं ते न विचारता. अमेरिकेत लोक कशालाही पैसे मोजतात, अशी माझी समजूत.

उत्तर अमेरिकेच्या धड्यात मातीचा नकाशा आला. डॅलसपासून सॅन अँटोनियोपर्यंत काळा पट्टा, ब्लॅकलँड प्रेअरी. मातीचं नाव व्हर्टिसॉल. ओली झाली की फुगते, वाळली की फाटते, भेगांत वरची माती पडून आपली आपण उलथते. एके काळी कापसासाठी नावाजलेली. मी पुढचं पान उलटलं. जगात अशी माती आणखी कुठे, तर दख्खनचं पठार.

म्हणजे काळी. आमची काळी. जिच्या भेगेत लहानपणी माझी एक चप्पल गेली ती गेलीच. जिच्यात घर बांधायचं तर आबा म्हणायचे, मुरूम लागेपर्यंत खणा, नाहीतर भिंत बसेल. एजंट आणि आबा एकच गोष्ट सांगत होते. आबा खाली मुरमापर्यंत जायला सांगत होते, आणि इथली मंडळी वरच लादी ओतून तिला आयुष्यभर पाणी पाजत बसतात.

गंमत अशी की दोन्ही मातींचा जन्म वेगळा. आपली काळी कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हातून झालेल्या बेसॉल्टची. त्या लाव्हाचा उगम ज्या तप्त ठिकाणाशी जोडतात ते आता हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे. इथली काळी त्याहून जुन्या, डायनोसॉरांच्या काळातल्या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुन्याच्या गाळाची. एक आगीतून आली, दुसरी पाण्यातून, आणि दोघींचा स्वभाव एक. दादाला सांगितलं तर म्हणाला, "काहून वं, इतक्या लांब जाऊन तू कायी मातीच शिकून राह्यली का?"

७. कापसाच्या भावात आपला वाटा फार थोडा असतो.

आमच्या घरी कापूस होता. दिवाळीनंतर ओसरीत, खोलीत, जागा मिळेल तिथं पांढरा ढीग. त्यात लोळायला मनाई आणि आम्ही लोळायचोच. वडील जिनिंगसमोर गाड्यांच्या रांगेत रात्र काढून यायचे. भाव पडला की घरात बोलणं कमी व्हायचं. तो भाव कोण पाडतं, हा प्रश्न आम्हाला मुंबईपर्यंत नेऊन सोडायचा. त्यापलीकडे आमचा भूगोल नव्हता.

तो पलीकडचा भूगोल मला टेक्सासच्या पुस्तकात सापडला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, आणि गुलामांच्या श्रमावर पिकणारा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. टेक्सासचे लोक कापूस गाड्यांतून मेक्सिकोच्या हद्दीत नेऊन मातामोरोसकडून समुद्रात काढत, तरी ते पुरं पडणार नव्हतं. मग इंग्रज वळले आपल्याकडे: वऱ्हाड, खानदेश, गुजरात. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरांचा जुगार झाला, बॅक बेच्या भरावाचे शेअर सोन्याहून महाग गेले. १८६५ मध्ये युद्ध थांबलं आणि सगळं कोसळलं. प्रेमचंद रायचंदही त्यात बुडाले. त्यांच्याच देणगीचा राजाबाई टॉवर अजून उभा आहे. मुंबईची ही गोष्ट आपण ऐकलेली असते. पण ज्यानं चढ्या भावाच्या भरवशावर ज्वारी काढून पऱ्हाटी लावली आणि सावकाराचा कागद केला, त्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे युद्ध कुठं चाललंय ते कुणी सांगितलं असेल? माझ्या खापरपणजोबांच्या वेळची गोष्ट. ज्या मुलखातल्या लढाईनं त्यांचा भाव ठरवला, तिथं आता मी घराला पाणी घालते.

हे वर्गाच्या चर्चेत लिहून टाकल्यावर अमरिलोच्या पोरीनं मला उत्तर लिहिलं. तिचे वडील कापूसच करतात. त्यांच्याकडे एकटं यंत्र वेचतं, तिथल्या तिथं गाठोडं वळतं आणि गुलाबी-पिवळ्या प्लॅस्टिकात गुंडाळून शेतात ठेवून देतं. पाणी जमिनीखालच्या ओगलाला नावाच्या साठ्यातलं, आणि तो साठा दर वर्षी खाली जातो आहे. 'आजोबांच्या विहिरीपेक्षा आमची कितीतरी खोल आहे', असं तिनं लिहिलं. हे वाक्य मला अकोल्याच्या बसमध्येही ऐकू आलं असतं.

पुढच्या धड्यांत मग मी कापूसच शोधत गेले. मध्य आशियात आमूदर्या आणि सिरदर्या कापसाकडे वळवल्या आणि अरल समुद्र आटला. १९६० पर्यंत तो जगातला चौथ्या क्रमांकाचा तलाव होता. उझबेकिस्तानातलं मुयनाक बंदर होतं, आता तिथं वाळूत गंजलेली जहाजं आहेत. कझाकस्ताननं २००५ मध्ये उत्तरेचा छोटा तुकडा बांध घालून वाचवला, तिथं मासे परत आले. बुर्किना फासोनं २००८ मध्ये बीटी कापूस घेतला आणि धागा आखूड निघतो म्हणून काही वर्षांत सोडला. आपण २००२ मध्ये घेतला आणि बोंडअळी परत आल्यावरही तोच पेरतो आहोत. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार मांडली की श्रीमंत देशांच्या, त्यातही अमेरिकेच्या, अनुदानांमुळे आमच्या कापसाला भाव उरत नाही. ही तक्रार वाचताना माझी पंचाईत झाली. जन्मानं मी त्या चौघांच्या बाजूची, आणि कर भरते तो अनुदान देणाऱ्या सरकारला. अमरिलोच्या पोरीचे वडील त्या अनुदानावर टिकून आहेत, आणि ती पोर मला आवडते. निबंधात मी दोन्ही बाजू लिहिल्या. बाईंनी समासात विचारलं, 'तुमचं मत?' अजून ठरतंय.

८. आपल्या धड्यात शिरताना छाती पुढे असते.

दक्षिण आशियाचा आठवडा आला तेव्हा मी जवळजवळ इस्त्रीचा कुर्ता घालून बसले. एकच धडा, त्यातही निम्मी पानं भारताची. फोटोत गंगेचा घाट, गर्दीची गाडी आणि कॉल सेंटर. मला राग आला. दीडशे कोटींच्या जवळपास माणसं आणि तीन फोटो? महाराष्ट्र तर मुंबईच्या वाक्यात उरकलेला.

मग आठवलं, मीही तेच केलं होतं. शाळेत माझ्याबरोबर काम करणारी एक बाई नायजेरियाची आहे. आफ्रिकेचा धडा चालू होता तेव्हा मी तिला मोठ्या उत्साहानं विचारलं होतं, "तुमच्याकडे कसं असतं?" ती हसली आणि म्हणाली, "कुणाकडे?" तिच्या एका देशात पाचशेहून जास्त भाषा आहेत आणि वीस कोटींच्या वर माणसं. ती योरुबा, तिचा नवरा इग्बो. त्यांच्या लग्नात दोन्हीकडच्या मावशा वर्षभर रुसल्या होत्या. या मावशा मात्र मला कुठल्याही धड्याशिवाय समजल्या.

शेजाऱ्यांबद्दलही तेच. मी मालदीवला जाऊन आलेल्यांचे फोटो पाहिलेत, पण तो देश समुद्रसपाटीपासून सरासरी जेमतेम दीड मीटर उंच आहे हे मला डॅलसमध्ये बसून कळलं.

९. मान्सून आपल्या एकट्याचा नाही.

याचं मला किंचित वाईट वाटलं, खरं सांगते. पाऊस उघडझाप करत बारा महिने पडणाऱ्या देशात मी 'मृगाची वाट बघणं' म्हणजे काय हे मोठ्या थाटात समजावत असे. मग कळलं की पश्चिम आफ्रिकेलाही नैर्ऋत्य मान्सून आहे, गिनीच्या आखातावरून येणारा, जून ते सप्टेंबरचा. अॅरिझोनातसुद्धा लहानसा आहे. आपण बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत वाढलो, त्याच सुमाराला आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातही पाऊस वर्षानुवर्षं रुसला होता. तिथल्या याकूबा सावादोगो नावाच्या शेतकऱ्यानं कडक झालेल्या जमिनीत उन्हाळ्यातच खड्डे खणून त्यांत शेणखत टाकायची जुनी रीत सुधारली. वाळवी ते खत खायला येते, जमीन पोखरते, आणि पहिला पाऊस आत मुरतो. झाई म्हणतात त्याला. तो २०२३ मध्ये वारला. मी फोटो दादाला पाठवला, तर त्यानं उलट विचारलं, खड्डा किती खोल? ते मी शोधून कळवलं. वाळवीच्या बाबतीत मात्र त्याचं मन वळलेलं नाही.

१०. मराठी माणूस नको त्या धड्यात भेटतो.

मॉरिशस आफ्रिकेच्या शेवटच्या पानावर, चार ओळींत. १८३४ पासून हिंदुस्थानातले साडेचार लाखांच्या घरात मजूर कराराच्या कागदावर अंगठा देऊन तिथं उसात राबायला उतरले. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरत, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. त्या बोटींत कोकणातली माणसंही होती, आणि त्यांच्या वंशजांची पोरं आजही तिथल्या शाळेत मराठी शिकतात. नैर्ऋत्य आशियाच्या धड्यात इस्रायल आला, तेव्हा अलिबागकडून गेलेले बेने इस्रायली आठवले. पुस्तकात त्यांचं नाव नव्हतं. मी चर्चेत लिहिलं, तर सैन्यातल्या मुलानं विचारलं, "म्हणजे तुझी भाषा कुठल्या प्रदेशात घालायची?" पहिल्या धड्याचा अभ्यास त्यानं माझ्यापेक्षा चांगला केला होता.

११. शेवटचा धडा कायम घाईत होतो.

पॅसिफिक महासागर पृथ्वीचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापतो, आणि कोर्सात त्याच्या वाट्याला येतो परीक्षेआधीचा अर्धा आठवडा. बाई दमलेल्या, आम्ही दमलेले. मेलानेशिया, मायक्रोनेशिया, पॉलिनेशिया या तिघी बहिणींत माझा गोंधळ शेवटपर्यंत राहिला आणि नकाशाच्या चाचणीत तिथंच गुण गेले. टुवालू आणि टोंगा यांची मी आजही नुसती अंदाजानं अदलाबदल करते. एक किरिबाटी मात्र पक्का बसला. जमीन मुंबईच्या दुपटीहूनही कमी, पण हक्काचा समुद्र भारताएवढा. पृथ्वीच्या चारही गोलार्धांत पाय असलेला हा एकच देश. वाररेषा मधूनच जायची, त्यामुळे देशाच्या एका बाजूला शुक्रवार तर दुसऱ्या बाजूला शनिवार. १९९५ च्या सुरुवातीला त्यांनी ती रेघच उचलून आपल्या पूर्वेला सरकवली. बाईंचा प्रश्न मनातल्या मनात विचारून पाहिला: कोणी? या वेळी उत्तर त्यांच्याच सरकारचं होतं, आणि मला फार बरं वाटलं.

त्यावरचा माझा शेवटचा निबंध रविवारी रात्री ११:५९ च्या आत द्यायचा होता. मी कसाबसा तो वेळेत पाठवला. किरिबाटीच्या पूर्वेकडच्या बेटांवर तेव्हा सोमवारची संध्याकाळही उरकत आली होती.